रिकामी फेरी

अवदायच्या बाजारात रात्री अकराला
जिमाच्या जुड्या केळीच्या पानांत गुंडाळतात.
वर पाणी शिंपडतात,
तान्ह्याची टाळू भरावी तशा हलक्या हातानं.
या पाल्याचं वय तासांत मोजतात.
दोन दिवस ओलांडले की
रंग तोच, देठ तोच,
फक्त आतला बोलका माणूस निघून गेलेला.

माझा थोरला भाऊ इब्सा ही घाई वाहतो.
एक जुडी गिअरपाशी, स्वतःची.
डावा गाल फुगलेला, अक्कलदाढ आल्यासारखा,
ओठांत सिगरेट.
हरर मागे टाकून बाबिलेच्या खिंडीत शिरला की
दोन्ही बाजूंना दगडांवर दगड,
पडायचे राहून गेलेले.
तिथून तो फोन करतो : इफ्तू, बोल काहीतरी.

मी हरामायाला औषधशास्त्र शिकते.
फी जिमाची, वह्या जिमाच्या.
परीक्षेचं पाठांतर त्याला ऐकवते,
तो जागा राहावा म्हणून.

ऐक. मेंदूत दोन पेशींच्या मधे फट असते.
तिच्यात एक थेंब सांडतो.
त्याला सुख म्हणू नकोस,
त्याचं म्हणणं एवढंच : हे, हे हवंय.
मग येतो एक वाहक, तुझ्यासारखाच,
सांडलेलं भरून घेतो, घरी नेतो.
परतीच्या मालावरच उद्याचा दिवस निघतो.
जिमा त्याची गाडी उलटी फिरवते.
न्यायला आलेलाच
दारात उभा राहून गोण्या बाहेर फेकत सुटतो.

तो हसतो. मग बाजार भरला की गं!

भरला.
गुरुवारी दुपारी आमच्या ओसरीवर भरतो तो.
गाद्या, थर्मास, थंड पाणी, सात मित्र.
तीन वाजता इब्सा जिजिगात तीन मजली हॉटेल बांधतो,
चारला अब्बांच्या विहिरीवर पंप बसवतो,
साडेचारला माझं लग्न लावतो, सर्जनशी.
सगळे एकदम बोलतात, सगळ्यांना सगळं पटतं.
मगरिबच्या सुमाराला कुणीतरी वाक्य अर्धं सोडतो
आणि ते कुणीच उचलत नाही.
हॉटेलचा एकेक मजला उतरत जातो.
इब्सा आपली हिरवी बोटं बघत बसतो.

आणि सिगरेट? तो विचारतो. आवाजात घाट.

तिचं दार वेगळं.
त्या कडीवर एरवी आपल्या घरचाच हात पडतो,
धूर तसाच वाजवतो, हुबेहूब.
दार उघडतं. फार वाजवलं की कंटाळून मिटतं,
मग मेंदू भिंतीत आणखी दारं पाडतो,
आणखी.
रात्रभर धूर नाही, पहाटे सगळी एकदम जागी.
तुला पहिल्या झुरक्यात जी गंमत वाटते ना,
ती त्यांची रडारड थांबल्याची शांतता आहे.

तो बोलत नाही. काडी ओढल्याचा आवाज येतो.

मागच्या महिन्यात गाडी बंद पडली, पाच दिवस.
जिमा नाही. इब्सा पंधरा तास झोपला
आणि गळा धरून ओरडत उठला.
आई म्हणाली, दुकाक बसला छातीवर,
जिमा सोडणाऱ्याला तो असाच येऊन दाबतो.
तिनं उद घातला, मी पुस्तक उघडलं.
पुस्तकात दुकाक नव्हता.
छातीवर बसणारं मात्र होतं,
दुसऱ्या नावानं, आठव्या प्रकरणात.
आईला मी सांगितलं नाही. इब्सालाही नाही.

किती दिवसांत भरतं गं, ते रिकामं झालेलं?

आठवडे लिहिलेत, काही ठिकाणी महिने.
मी पान उलटते.
पुढचं वाचते, मग तळटिपा,
मग शेवटची शब्दसूची, एकेक शब्द,
जिजिगाचे दिवे दिसल्याचं तो सांगेपर्यंत.

पहाटेचे चार. माझी झोप कुठे गेली,
त्यानं कधी विचारलं नाही.
त्याच्याच जुडीतली एक डहाळी
टेबलाच्या खणात, ओल्या फडक्यात.
मी शब्द थोडे जपून उच्चारते,
उजव्या गालाच्या बाजूनं.